जळालेले रोखे आणि पावतीचा हक्क : सुपे १८७५ पासूनचा एक धागा

१/ १२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातील सुपे हे बाजाराचे गाव. आसपासच्या खेड्यांतून जमलेल्या शेतकऱ्यांनी त्या दिवशी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. धान्य लुटले गेले, काही ठिकाणी आगही लागली. परंतु जमावाचा मुख्य रोख पैशावर किंवा धान्यावर नव्हता. त्याला हवे होते कागद. कर्जरोखे आणि खातेवह्या हाती लागताच त्यांची भर रस्त्यात होळी झाली. पुढे पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेले ‘दख्खनचे दंगे’ ते हेच.

२/ शाळकरी मुलांना पैशाचे व्यवहार आणि ग्राहकाचे हक्क शिकवावेत, असे आज वारंवार म्हटले जाते. ही मागणी आपल्याकडे किती जुनी आहे आणि ती कोणत्या राखेतून उगवली, हे पाहायचे असेल तर सुप्यापासूनच आरंभ करावा लागतो.

३/ ‘आपल्याकडे मुलांना पैशाचे गणित कधी शिकवलेच नाही’ हा समज मात्र आधी दूर सारू. पंतोजींच्या शाळेत त्याखेरीज फारसे काही नव्हतेच! धुळपाटीवर अक्षरे गिरवून झाली की उजळणी, आणि मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन. रुपयाचे आणे १६, आण्याचे पैसे ४. ४० शेरांचा मण धरला तर मणाला जितके रुपये, अडीच शेरांना तितकेच आणे. हा हिशेब बाजारात उभ्याउभ्या तोंडी करता यावा, यासाठीच ते पाढे होते.

४/ प्रश्न एवढाच, की ते म्हणत कोण होते? मुख्यतः लिखापढी आणि व्यापार करणाऱ्या घरांतील मुलगे. कुणब्याचा मुलगा तेथे क्वचितच दिसे. मुलींना आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांना तर दारच बंद होते. म्हणजे हिशेबाची विद्या गावात होती, पण व्यवहाराच्या एकाच बाजूला. दुसऱ्या बाजूला बसलेला माणूस रोख्याखाली सहीऐवजी नांगराचे चित्र काढी. जुन्या कागदांत ‘निशाणी नांगर’ असा त्याचा उल्लेख येतो.

५/ आता त्या रोख्याचे गणित पाहू. या धाग्यातला सर्वांत बोलका भाग तोच आहे. मुद्दलाहून अधिक व्याज एका वेळी घेऊ नये, हा आपल्याकडचा जुना दंडक. त्याला दामदुपट म्हणत. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षे ठरवली. हेतू चांगला होता: व्याज वर्षानुवर्षे साचू नये. सावकारांनी त्यातून वाट काढली. तीन वर्षे भरत आली की जुना रोखा रद्द करायचा आणि थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा लिहून घ्यायचा.

६/ उदाहरणादाखल १०० रुपये घेऊ. व्याज दरमहा दरशेकडा २ रुपये. तीन वर्षांनी येणे १७२. तेच नव्या रोख्याचे मुद्दल. सहा वर्षांनी २९५ रुपयांच्या वर, नऊ वर्षांनी सुमारे ५०९. दामदुपटीने हा आकडा २०० पुढे जायला नको होता. पण प्रत्येक नवा रोखा ‘नवे कर्ज’ ठरल्याने दंडक मोडल्याचे कागदावर कोठेच दिसत नाही. दंग्यांनंतर नेमलेल्या आयोगाने तपासलेल्या एका प्रकरणात १०० रुपयांच्या कर्जावर २,००० रुपयांहून अधिक व्याज आकारलेले आढळले. (क्रेडिट कार्डाची ‘किमान देय रक्कम’ तेवढी भरत राहणाऱ्यांनी वहीत हे गणित एकदा मांडून पाहावे.)

७/ येथे एक गल्लत टाळली पाहिजे. शेतकरी अडाणी होता म्हणून बुडाला, असे सांगणे सोपे असते, आणि सोयीचेही. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाचे भाव चढले, कर्ज मुबलक मिळू लागले. युद्ध संपताच भाव उतरले. त्याच सुमारास सारावाढ आली, आणि सावकारांनी हात आखडता घेतला. ज्याला दुसरीकडे कोठे कर्जच मिळणार नाही, त्याने रोखा वाचला असता तरी निशाणी केलीच असती. आर्थिक साक्षरतेच्या उत्साही पुरस्कर्त्यांनी हे विसरू नये, असे मला वाटते. मात्र वाचता आले असते तर निदान फसवणूक सिद्ध करता आली असती. तेही जमत नव्हते, कारण फेडीची पावती मिळतच नसे.

८/ म्हणून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आजही वाचनीय आहे. रोख्यावरचा आकडा अंतिम न मानता न्यायालयाने व्यवहाराच्या मुळापासून हिशेब तपासावा. शेतकऱ्याचे दस्तऐवज ग्राम-निबंधकासमोर व्हावेत. आणि कर्जदाराला तीन गोष्टी मागता याव्यात: प्रत्येक फेडीची लेखी पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक. आपण ज्याला ग्राहकाचा हक्क म्हणतो, तोच हा; फक्त तो शब्द अजून जन्माला यायचा होता.

९/ पण हक्क मागण्यासाठी मिळालेला कागद वाचता यायला हवा. पुण्यातूनच १८८२ मध्ये जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन ठेवले. प्राथमिक शिक्षण बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, आणि त्यात मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य यांचे धडे असावेत, ही त्यांची मागणी. मोडी कशासाठी? छापील पुस्तके बालबोधीत होती, पण रोखे आणि दप्तर मोडीत. सुपे जळून सात वर्षे झाली होती. या यादीतील ‘मोडी’ आणि ‘हिशेब’ हे दोन शब्द मी तरी त्या धुरापासून वेगळे वाचू शकत नाही.

१०/ पुढची पाऊणशे वर्षे भराभर ओलांडू. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि रुपयाचे १०० नवे पैसे झाले. आणा म्हणजे ६.२५ नवे पैसे. पाव पैसा कोणी सोडायचा? तक्त्यानुसार एक आणा ६ नव्या पैशांचा, तर तीन आणे १९ चे. शेर-मणाच्या जागी किलो येऊ लागले. पावकी-निमकीचा संसार एका पिढीत आटोपला, आणि त्या पाढ्यांबरोबर बाजार वर्गातून बाहेर गेला. टक्केवारी आणि चक्रवाढ व्याज पुस्तकात राहिले, परंतु ‘अ ने ब ला’ दिलेल्या कर्जाच्या रूपात. अ कोण, ब कोण आणि पावती कोणाकडे, हे कोणी विचारीत नाही.

११/ बाजार पुन्हा चर्चेत आला तो ग्राहक चळवळीमुळे. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली आणि कुटुंबांनी एकत्र येऊन थेट सामूहिक खरेदी आरंभली. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मान्यता मिळाली. त्यात सुरक्षितता, माहिती, निवड या हक्कांच्या पंक्तीत ‘ग्राहक शिक्षणाचा हक्क’ही नोंदला गेला. शिक्षण येथे उपकार म्हणून आलेले नाही, हक्क म्हणून आले आहे.

१२/ २०१९ च्या नव्या ग्राहक कायद्यात अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे. विकलेल्या वस्तूचे किंवा दिलेल्या सेवेचे बिल अथवा पावती न देणे, हे त्या यादीत स्पष्ट शब्दांत आले आहे. १८७९ च्या कायद्यात सावकाराकडून पावती मागण्याची मुभा दख्खनच्या शेतकऱ्याला होती. आता वहीचे दुकान, मोबाइल दुरुस्तीवाला आणि शिकवणीवर्ग यांच्याकडून ती मागण्याची मुभा नववीतल्या मुलालाही आहे.