मोठ्यांची भातुकली आणि वेळेचा हिशोब



भातुकली कोणत्या वयात थांबते? आपल्याकडे मुलगी सातवी-आठवीत गेली की बोळकी माळ्यावर जातात आणि पुढे एकदम रुखवतात दिसतात. पण "मी राणी, तू व्यापारी, आता तू बोल" असं म्हणत गोष्ट रचायची हौस एवढ्याने मरत नाही. मोठी माणसं हाच खेळ टेबलाभोवती बसून खेळतात. त्याला रोल-प्लेइंग गेम म्हणतात. चार-पाच जण एकेक पात्र घेतात, एक जण सूत्रधार होतो. सूत्रधार प्रसंग सांगतो, पात्रं काय करणार ते खेळणारे सांगतात, आणि जमलं की फसलं ते फासे ठरवतात. हार-जीत नसते. गोष्ट अर्धी राहिली तर पुढच्या बैठकीत तिथूनच सुरू होते.

अडचण एकच, वेळेची. एका बैठकीला तीन-चार तास सहज लागतात. नोकरी, स्वयंपाक, मुलांचे क्लास, सासू-सासऱ्यांची औषधं सांभाळून तेवढा वेळ कुठून आणायचा? आजच्या खेळाडूंची हीच तक्रार आहे. पण ती नवी मुळीच नाही. दोनशे वर्षांपूर्वी दोन बहिणींनी तिचं उत्तर शोधलं होतं.

इंग्लंडमध्ये यॉर्कशायरात हॉवर्थ नावाचं गाव आहे. तिथल्या पाद्री ब्राँटी यांनी १८२६ च्या जून महिन्यात मुलासाठी बारा लाकडी शिपाई आणले. चारही भावंडांनी एकेक शिपाई उचलला आणि त्याला नाव दिलं. शार्लट १० वर्षांची, ब्रॅनवेल ८ चा, एमिली ७ ची, ॲन ६ ची. आई पाच वर्षांपूर्वी गेलेली, दोन मोठ्या बहिणी आदल्याच वर्षी गेलेल्या. त्या शिपायांपासून एक आख्खं राज्य उभं राहिलं. पुढे शार्लट आणि ब्रॅनवेल यांनी 'अँग्रिया' नावाचा देश रचला, तर धाकट्या दोघींनी प्रशांत महासागरात 'गाँडल' नावाचं बेट कल्पून तिथल्या राजघराण्यांची भांडणं चालवली. फासे नव्हते, टेबल नव्हतं, पण पात्र होऊन बोलायचं आणि गोष्ट सगळ्यांनी मिळून पुढे न्यायची, हा गाभा तोच.

एमिली आणि ॲन काही वर्षांच्या अंतराने रोजनिशीसारखा एक कागद लिहून ठेवत. २४ नोव्हेंबर १८३४ चा कागद आजही उपलब्ध आहे. तेव्हा एमिली १६ ची, ॲन १४ ची. कागदात सांगितलंय की अंथरुणं आवरलेली नाहीत, अभ्यास झालेला नाही, स्वयंपाकघरात पसारा आहे, सफरचंदं सोलणं चालू होतं, बटाटे सोलायला हाका चालल्या आहेत. आणि त्याच दमात, मध्ये ओळ न सोडता, गाँडलचे लोक एका नव्या बेटाचा आतला भाग शोधत असल्याची बातमी येते. घरकाम संपवून मग खेळ, असा हिशोब तिथे नव्हताच. सोलणारे हात एकीकडे आणि गोष्ट दुसरीकडे चालू होती.

मोठेपणी तिघींच्या वाटा वेगळ्या झाल्या. शार्लट १८३५ मध्ये एका निवासी शाळेत शिक्षिका झाली. दिवसभर मुलींचे व्याकरणाचे धडे, आणि डोक्यात अँग्रिया. तिच्या तेव्हाच्या वह्यांत ही ओढाताण स्पष्ट दिसते. १८३९ च्या सुमारास तिने अँग्रियाचा लेखी निरोप घेतला. ॲन १८४० पासून पाच वर्षं यॉर्कजवळच्या एका श्रीमंत घरी मुलांची शिक्षिका होती. बहिणीबरोबर खेळायला सुट्टीचेच दिवस. एमिली बहुतेक काळ घरी राहिली. पाव भाजणं, इस्त्री करणं तिच्याकडे होतं. कणीक मळताना ती समोर जर्मन पुस्तक उघडं ठेवायची, असं शार्लटच्या चरित्रकार एलिझाबेथ गॅस्केल यांनी नोंदवलं आहे.

१८४५ च्या जून महिन्यात ॲनने नोकरी सोडली. महिनाअखेर दोघी बहिणी यॉर्कला फिरायला गेल्या. दोनच रात्री घराबाहेर. वय २६ आणि २५. त्या प्रवासात दोघी गाँडलची पात्रं झाल्या होत्या, एक-दोन नव्हे, आठ! शत्रूच्या तावडीत सापडलेल्या आपल्या राजाच्या पक्षाला जाऊन मिळण्यासाठी त्या पळून चालल्या होत्या. लोकांना दिसत होत्या त्या पाद्र्याच्या दोन साध्या मुली.

परतल्यावर महिन्याभरात दोघींनी आपापला कागद लिहिला. एमिली लिहिते की गाँडल पूर्वीइतकंच बहरात आहे. ॲन लिहिते की खेळ आता तितका रंगत नाही, तो सुधारेल का? खेळ एक, प्रवास एक, आणि दोन निकाल. मला ॲनचं म्हणणं फार ओळखीचं वाटलं. जी पाच वर्षं दुसऱ्याच्या घरी दुसऱ्याच्या वेळापत्रकाने जगली, तिला आपलीच गोष्ट परकी वाटू लागली होती. सवय मोडली की हौस असूनही हात अडखळतो, हे पेटीवर चार वर्षांनी बसलेल्या कुणालाही विचारा.

त्याच वर्षी शार्लटला एमिलीच्या कवितांची वही सापडली. १८४६ मध्ये तिघींच्या कविता पुरुषी वाटतील अशा टोपणनावांनी छापल्या गेल्या, त्यातून गाँडलची नावं काढून. १८४७ मध्ये एमिलीची 'वुदरिंग हाइट्स' आली. डिसेंबर १८४८ मध्ये एमिली गेली, मे १८४९ मध्ये ॲन. गाँडलच्या गद्य कथा आज उरलेल्या नाहीत, कविता तेवढ्या आहेत. यॉर्कची सहल पुढच्या वर्षावर ढकलली असती, तर पुढची वर्षं किती होती?

आजचा टेबलावरचा खेळ आला तो अमेरिकेतून. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावचे गॅरी गायगॅक्स विमा कंपनीत नोकरी करत. १९७० मध्ये ती गेली, मग ते घरी बूट दुरुस्त करू लागले. मिनेसोटाच्या डेव्ह आर्नेसन यांनी आपला खेळ त्यांना दाखवला आणि दोघांच्या मेहनतीतून जानेवारी १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' निघाला. पहिल्या प्रती फक्त १०००. पहिल्या खेळाडूंत गायगॅक्स यांचीच मुलं होती. घरात पाच मुलं, आणि खेळ तळघरात. त्या रात्री मुलांची जेवणं आणि झोपवणं कोणी पाहिलं असेल, हा प्रश्न मला वाचताना पडतोच. एकाचा मोकळा वेळ बरेचदा दुसऱ्याच्या हातांनी मोकळा झालेला असतो.

लॉस एंजेलिसच्या ली गोल्ड या बाईंनी वेगळी वाट काढली. जून १९७५ मध्ये त्यांनी एक मासिक सुरू केलं. ठिकठिकाणचे खेळाडू आपल्या खेळाची हकिकत टाइप करून पाठवत, त्या सगळी पानं एकत्र करून सगळ्यांना टपालाने पाठवत. ज्यांना महिनोन् महिने टेबलाशी बसणं जमत नव्हतं त्यांचीही संगत तुटली नाही. जवळजवळ पन्नास वर्षं त्यांनी हे चालवलं.

हल्लीचे खेळाडू आणखी उपाय करतात. एकाच बैठकीत संपणारी गोष्ट घेतात. किंवा दहा-बारा जणांचा गट करून, त्या दिवशी जे मोकळे असतील तेवढ्यांनी खेळायचं असं ठरवतात. आपल्याला यात नवल नाही, कारण आपली भिशी अशीच चालते. तारीख ठरलेली, एखादी आली नाही तरी भिशी थांबत नाही, आणि पुढच्या खेपेला तिला सगळं सांगितलं जातं.

एक शंका तुमच्या मनात येईलच. या खेळांत तलवारी, राक्षस, मारामाऱ्या असतात. आपण यशोधर राजाची कथा ऐकत मोठ्या झालो. कोंबडा पिठाचा होता, पण मारण्याचा भाव खरा होता, आणि त्याचं फळ जन्मोजन्मी भोगावं लागलं. म्हणून 'खोटं-खोटंच तर आहे' एवढ्यावर मी तरी सोडून देणार नाही. पण गोष्ट निवडणं खेळणाऱ्यांच्याच हातात असतं. व्यापाऱ्यांचा तांडा, हरवलेली पोथी, दुष्काळात गाव सांभाळणारी पाटलीण, यातलं काहीही घेता येतं. मारणं नसलं की उलट जास्त डोकं लावावं लागतं.

तेव्हा चौघींनी तारीख ठरवा. तीन तास नसतील तर एक तास. फासे नसतील तर सारीपाटाच्या कवड्या चालतील. त्या दिवशीची जेवणं घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्यायची, हेही त्याच वेळी ठरवा. आणि कुणाला उशीर झालाच, तर वाट बघताना मटार सोलायला घ्या.