पाठीवरचे ओझे, छातीवरची सॅक

धागा : भाईंदर ते चर्चगेट असा रोजचा प्रवास करणाऱ्याची सॅक कशी असावी, हा प्रश्न दुकानदाराचा वाटतो. परंतु खांद्यावर काय घ्यावे, किती घ्यावे आणि ते शरीराच्या कोणत्या भागावर टाकावे, या निर्णयांवर या भूमीत कधी मोहिमा तरल्या, तर कधी बुडाल्या. त्या इतिहासाचा हा मागोवा.

प्रारंभ घोडबंदरपासून. आज मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीत असलेला हा किल्ला 1737 मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला. वसईच्या खाडीच्या मुखाशी, उत्तनच्या बाजूला धारावीचा कोट होता. (ही धारावी मुंबईतील धारावीहून वेगळी. दोन्ही नावांचा गोंधळ आजही होतो.) चिमाजी अप्पांची ही मोहीम मे 1739 मध्ये वसईच्या शरणागतीने संपली.

मराठी घोडेस्वाराची ख्याती चपळाईची, आणि चपळाई म्हणजे प्रथमतः सामानाचा हिशेब. खोगिरामागे दोन्ही अंगांना समतोल लोंबणारी खुर्जी, घोड्याच्या चंदीसाठी तोबरा, अंगावर घोंगडी. तीच घोंगडी पांघरूण, अंथरूण आणि पावसातले छप्पर. एका वस्तूकडून तीन कामे करून घेणे ही हलके राहण्याची सर्वांत जुनी युक्ती होय. जर्मन भाषेतही घोड्याच्या ओटसाठी एक पिशवी होती. तिच्या नावावरूनच सैनिकी ‘हॅवरसॅक’ हा शब्द आला. म्हणजे हॅवरसॅक आणि तोबरा ही मुळात एकाच कामाची भावंडे.

पायी चालणाऱ्याची खुर्जी म्हणजे पडशी. खांद्यावर टाकली की एक कप्पा छातीवर, दुसरा पाठीवर. दोन्हीकडे सारखे वजन भरले, तर शरीर कोणत्याच बाजूला कलत नाही. याउलट बोचके, गाठोडे किंवा वळकटी एका हातात वा एका काखेत घेतली, की तोल सावरण्यासाठी कणा वाकतो आणि दमणूक दुप्पट होते. शरीरशास्त्राचे पुस्तक न उघडता पडशी शिवणाऱ्याला हे ठाऊक होते.

या हिशेबाकडे पाठ फिरवली की काय होते, हे पानिपताने दाखवले. 1760 साली उत्तरेकडे निघालेल्या सैन्याबरोबर यात्रेकरू, कुटुंबे, व्यापारी आणि नोकरचाकर यांचा प्रचंड लबाजमा होता. मराठीत त्यांना ‘बाजारबुणगे’ असे हेटाळणीचे नाव आहे. हे जड सामान व बिनलढाऊ माणसे मागे सुरक्षित ठिकाणी ठेवून गनिमी काव्याने लढावे, असा सल्ला मल्हारराव होळकर आणि सुरजमल जाट यांनी दिला होता. तो मानला गेला नाही. रसद तुटल्यावर त्या साऱ्या तोंडांना अन्न कोठून आणायचे, हा प्रश्न 14 जानेवारी 1761 च्या लढाईपूर्वीच सैन्याला खाऊ लागला होता. पराभवाची कारणे अनेक आहेत. ओझे हे त्यांपैकी एकमेव नव्हे, पण दुय्यमही नव्हे.

आता रणांगणावरून शाळेकडे. मराठी मूल पाठीवर ‘दप्तर’ घेते. हा शब्द फारसीतून आला आणि त्याचे मूळ ‘कमावलेले कातडे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दापर्यंत पोहोचते. लिहिण्याचे कातडे, त्यावरून नोंदवही, त्यावरून कचेरी, आणि अखेरीस कागद ज्यात बांधतात ते बासन. पुण्यातील पेशवे दप्तरात कागदांचे गठ्ठे चौकोनी कापडात बांधलेले असतात. त्यांना ‘रुमाल’ म्हणतात. कापड पसरायचे, मधोमध कागद ठेवायचे, चारही टोके गाठायची. एकेकाळी खेड्यातील मुलाचे दप्तरही असेच बांधले जाई. राज्याचा कारभार आणि मुलाची पाटी-पुस्तके यांची बांधणी एकच होती, हा योगायोग भाषेने नेमका जपला आहे.

मुलाच्या दप्तराचे वजन हा राष्ट्रीय प्रश्न झाला तो 1989 मध्ये. राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य असलेले कादंबरीकार आर. के. नारायण यांनी आपल्या पहिल्याच भाषणात दप्तराच्या ओझ्याने वाकलेल्या मुलांची बाजू मांडली. त्यानंतर प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1993 मध्ये अहवाल दिला. महाराष्ट्रात मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका चालली आणि जुलै 2015 मध्ये राज्य शासनाने निर्णय काढला : दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांहून अधिक नसावे. केंद्राच्या 2020 च्या दप्तरविषयक धोरणानेही हेच प्रमाण स्वीकारले.

येथे थोडे गणित करावे लागते, कारण पालकांचे लक्ष बहुधा पुस्तकांवरच असते. मुलाचे वजन 25 किलो असेल, तर मर्यादा अडीच किलो. रिकामी सॅकच 900 ग्रॅम भरली, तर मर्यादेचा एक तृतीयांशाहून अधिक भाग पहिले पुस्तक आत जाण्यापूर्वीच संपतो. स्वीडनमध्ये 1978 साली शाळकरी मुलांच्या पाठदुखीची चर्चा चालू असताना ‘कोंकेन’ नावाची एक साधी चौकोनी सॅक बाजारात आली. तिचे वजन सुमारे 300 ग्रॅम. खिसे मोजके, आकार कागदांच्या फाइलीएवढा. सजावट नाही, म्हणून वजन नाही.

दोन पट्ट्यांची पाठपिशवी जगभर होती. तिला आजचे रूप मात्र गिर्यारोहकांनी दिले. ‘रकसॅक’ हा जर्मन शब्द, अर्थ सरळ ‘पाठीची पिशवी’. 1952 मध्ये कॅलिफोर्नियातील डिक केल्टी यांनी विमानाच्या कामातील ॲल्युमिनियम वापरून हलकी चौकट बनवली, आणि कमरपट्ट्याद्वारे भार खांद्यांवरून कमरेवर उतरवण्याची कल्पना रूढ होऊ लागली. 1967 मध्ये सिॲटलला ‘जॅन्सपोर्ट’ सुरू झाली. डोंगरासाठी शिवलेली तिची सॅक विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी पुस्तकांसाठी पळवली. त्याआधी तेथील विद्यार्थी पुस्तके हातात किंवा पट्ट्याने बांधून नेत असत.

महाराष्ट्रातही वाट डोंगरावरूनच आली. ‘गिरिविहार’सारख्या संस्था आणि गो. नी. दांडेकरांसारखे दुर्गवेडे लेखक यांनी दोन-तीन पिढ्यांना सह्याद्रीची गोडी लावली. मराठी तरुण आजही ‘बॅकपॅक’ क्वचितच म्हणतो. तो ‘सॅक’ म्हणतो, आणि हा शब्द ट्रेकच्या बोलीतलाच. त्याच काळात शहरात वेगळी चिन्हे मिरवत होती. पत्रकार, कवी आणि कार्यकर्ता यांच्या खांद्यावर शबनम, कारकुनाच्या हातात रेक्झिनची बॅग, आणि प्रतिष्ठिताकडे कडक कवचाची सूटकेस किंवा ब्रीफकेस, जिच्यासाठी 1968 मध्ये स्थापन झालेल्या ‘व्हीआयपी’चे नाव घरोघरी पोहोचले. शबनम दिसायला सुंदर खरी, पण एकाच खांद्याला लटकणारी. लॅपटॉप आल्यावर तिचा निभाव लागणे शक्यच नव्हते.

आता लोकल. विरारहून बॅकबेपर्यंतची पहिली उपनगरी गाडी एप्रिल 1867 मध्ये धावली. विजेवरची गाडी विरारपर्यंत 1936 मध्ये पोहोचली. भाईंदर तेव्हा मिठागरांचे, आगरी-कोळी वस्तीचे गाव होते, आणि ओझे वाहण्याचे साधन होते डोके. मिठाची पाटी डोक्यावर, माशांची पाटी डोक्यावर. मुंबईच्या डबेवाल्यांनीही हीच जागा निवडली. महादू हावजी बच्चे यांनी 1890 मध्ये सुरू केलेल्या या व्यवस्थेत लाकडी खोक्यात 40 च्या आसपास डबे आणि एकूण 60-70 किलो वजन डोक्यावर जाते. कारण फलाटावरच्या गर्दीत रिकामी उरलेली जागा ती एकच, डोक्यावरची.

2001 च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या 5 लाख 20 हजार होती. 2011 मध्ये ती 8 लाखांच्या पुढे गेली. 2002 मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली, मिठागरांभोवती इमारती उठल्या, आणि त्यांतील नोकरदार रोज सकाळी त्याच मार्गावर येऊन उभे राहिले. लोकलच्या गर्दीसाठी रेल्वेने ‘सुपर डेन्स क्रश लोड’ हा शब्दप्रयोग योजला : एका चौरस मीटरमध्ये 14 ते 16 उभे प्रवासी. या दाटीत पाठीवरची सॅक म्हणजे जागा अडवणारा आणखी एक प्रवासीच, शिवाय मालकाच्या नजरेआड. म्हणून मुंबईकराने ती उलटी घातली. डब्यात शिरण्यापूर्वी सॅक छातीवर येते. पडशीचा पुढचा कप्पा जणू परत आला, मागचा मात्र नाही.

ही उलटापालट सॅक शिवणाऱ्यांनी फारशी मनावर घेतलेली दिसत नाही. जाहिरातीतील सॅक मोकळ्या डोंगरावर पाठीशी असते. भाईंदरच्या माणसाची सॅक मात्र दिवसाकाठी तास-दीड तास पोटाशी असते. त्यामुळे त्याला 40 लिटरची सॅक नको. 20 ते 25 लिटर पुरते. फुगीर पुढचे खिसे नकोत, ते समोरच्याच्या पाठीत रुततात. खोली कमी हवी, नाहीतर पायाखालचा फलाट आणि डबा यांतील फट दिसत नाही. ही शेवटची गोष्ट शोभेची नव्हे, जिवाची आहे.

कापडाविषयी मात्र विस्ताराने सांगायला हवे. नायलॉन 1938 मध्ये ड्यूपाँ कंपनीने जगापुढे आणले, आणि दुसऱ्या महायुद्धाने ते पॅराशूटमध्ये व बाँबगोळ्यांच्या तुकड्यांपासून वाचवणाऱ्या जाकिटात नेले. सॅकच्या चिठ्ठीवर दिसणारा ‘डेनियर’ हा आकडा धाग्याचे वजन सांगतो : 9000 मीटर धागा जितके ग्रॅम भरतो, तितके डेनियर. आकडा मोठा म्हणजे कापड जाड व जड. तो मजबुतीचा दाखला नव्हे. 420 डेनियरचे चांगले नायलॉन 600 डेनियरच्या स्वस्त पॉलिएस्टरहून कमी वजनात अधिक टिकू शकते, कारण नायलॉन घासणीला चिवट असते. उन्हात मात्र पॉलिएस्टर सरस ठरते.

मग खाडीकाठची हवा. जलरोधक म्हणून कापडाच्या आतून दिलेला पॉलियुरेथिनचा थर दमटपणात हळूहळू विघटित होतो. काही वर्षांनी तो चिकट होतो आणि पापुद्रे सुटू लागतात. बंद कपाटात ठेवलेली सॅक वापरातल्या सॅकपेक्षा आधी खराब होते, ती यामुळेच. धातूची चेन खाऱ्या हवेत गंजते. नायलॉनच्या वेटोळ्यांची चेन अधिक टिकते. आणि पावसाचे म्हणाल, तर 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला. हजारो माणसे रुळांवरून, पाण्यातून चालत घरी गेली. त्या दिवशी कोणत्याही कापडाचा इलाज नव्हता, पण ज्याचे दोन्ही हात मोकळे होते, तो खांब आणि शेजाऱ्याचा हात धरू शकत होता.

सॅक कापडात फाटत नाही, ती सांध्यावर सुटते. खांद्याचा पट्टा जेथे पाठीला जोडला आहे, तेथे ओढ सर्वाधिक असते. तेथे दाट आडव्या टाक्यांची पट्टी आहे का, की एकेरी शिलाई, हे सॅक उलटी करून आतून पाहिल्याशिवाय कळत नाही. आतल्या कडा पट्टीने बांधलेल्या नसतील, तर धागे सहा महिन्यांत बाहेर येतात. पट्टे रुंद आणि फार मऊ नसलेले चांगले. मऊ फोम दुकानात सुखद वाटतो आणि वर्षभरात चपटा होतो.

भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांत स्टेनलेस स्टीलची भांडी घडतात आणि इथल्या माणसाचा डबाही बहुधा स्टीलचाच असतो. भरलेला डबा, पाण्याची बाटली, छत्री, लॅपटॉप आणि चार्जर यांची बेरीज सहज 4-5 किलोवर जाते. यातील एकही वस्तू कमी करता येत नाही. कमी करता येते ते सॅकचे स्वतःचे वजन, तेही विकत घेतानाच, काट्यावर. आणि स्थानकाबाहेर बसणारा कारागीर जुना रनर काढून नवा घालू शकेल, अशी साधी चेन तिला असली, तर तीच सॅक आणखी दोन-तीन पावसाळे काढते.