सेंट्रल हीटिंगमधील दोषशोध

सेंट्रल हीटिंगमधील दोषशोध : गरम पाण्यावर चालणाऱ्या घरगुती तापन यंत्रणेत वरवर कारण दिसत नसताना उद्भवणाऱ्या बिघाडाचे मूळ शोधून काढण्याची पद्धत. ही नोंद ब्रिटनमधील घरांपुरती आहे. तेथील बहुसंख्य घरांत गॅसवरचा बॉयलर पाणी तापवतो, पंप ते खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरांतून फिरवतो आणि निवलेले पाणी बॉयलरकडे परत येते. उत्तर समुद्रातला नैसर्गिक वायू १९६७ नंतरच्या दहा वर्षांत घरोघर पोचला, तसतशी ही रचना तेथे रुळली. त्यानंतर अनेक घरांत बॉयलर दोन-तीनदा बदलले गेले, पाइप मात्र तेच राहिले. आणि कोणता पाइप कोणत्या फरशीखालून गेला आहे याचा नकाशा सहसा कोणाकडेच नसतो.

अशा बिघाडांत लक्षण एकीकडे दिसते आणि कारण दुसरीकडे असते. शिवाय दोष थांबून थांबून येतो, कारागीर दारात उभा राहिला की यंत्रणा सुरळीत चालू लागते. मग अंदाजाने सुटे भाग बदलणे सुरू होते, त्यात पहिला बळी सर्किट बोर्डाचा. तो महाग असतो आणि बरेचदा निर्दोष निघतो. यंत्रणेचे तुकडे पाडून दोष कोणत्या तुकड्यात आहे हे आधी ठरवणे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलणे, हा मार्ग दिसायला संथ असला तरी एकूण हिशेबात स्वस्त पडतो.

दाब उतरणे. सर्वाधिक चकवणारी तक्रार हीच. बंद प्रकारच्या यंत्रणेत पाणी थंड असताना दाब साधारण १ ते १.५ बार ठेवतात. तापल्यावर पाणी सुमारे चार टक्के फुगते. हे जादा पाणी सामावून घेण्यासाठी प्रसरण-टाकी असते. तिच्यात रबरी पडद्याच्या एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला दाबाखालची हवा किंवा नायट्रोजन असतो. वर्षानुवर्षांत ही हवा निसटत जाते. मग पाण्याला फुगायला जागा उरत नाही, काटा ३ बारवर जातो, सुरक्षा झडप उघडते आणि थोडे पाणी भिंतीबाहेरच्या तांब्याच्या नळीतून वाहून जाते. रात्री यंत्रणा निवते आणि सकाळी काटा शून्यावर दिसतो. घरमालक गळती शोधत फिरतो. गळती अशी कुठे नसतेच. तो पाणी भरतो आणि पुढच्या तापण्याबरोबर तेच चक्र पुन्हा फिरते.

येथे काट्याची सरासरी पाहून उपयोग नाही, चाल पाहावी लागते. थंड असताना १.२ आणि तापल्यावर २.८ असे आकडे दिसले, तर संशय प्रसरण-टाकीवर घ्यावा. तिच्यावर मोटारीच्या चाकाला असतो तसाच व्हॉल्व्ह असतो. तो दाबून हवेऐवजी पाणी आले तर पडदा फाटलेला आहे. हवेचा दाब मोजताना पाण्याच्या बाजूचा दाब आधी शून्यावर आणणे आवश्यक असते. तसे न केल्यास पाण्याचाच दाब वाचला जातो आणि रिकामी टाकी भरलेली भासते. ही चूक फार होते. आणखी एक गुंता असा, की एकदा उघडलेल्या सुरक्षा झडपेच्या बैठकीत कचरा अडकतो आणि ती पुढे थेंब थेंब गळत राहते. टाकी दुरुस्त करूनही दाब उतरतच राहिला, तर निदान चुकले असे नव्हे. पहिल्या दोषाने दुसऱ्याला जन्म दिलेला असतो. बाहेरच्या नळीच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी बांधून रात्रभर ठेवली की याचा निकाल लागतो.

पिशवी कोरडी राहिली तर बॉयलरखालच्या जाण्या-येण्याच्या दोन्ही पाइपांवरचे व्हॉल्व्ह बंद करून रात्र काढावी. तरीही काटा उतरला तर दोष बॉयलरच्या पोटात आहे, स्थिर राहिला तर पाइपांत किंवा रेडिएटरांत. बॉयलरमधला मुख्य उष्णता-विनिमयक चिरला असेल तर पाणी थेट सांडपाण्याच्या नळीत जाते, घरात ओलीचा मागमूस नसतो. बर्नर बंद असतानाही त्या नळीतून थेंब पडणे ही त्याची खूण. पाइपांतली बारीक गळती गरम धातूवरच सुकते आणि सांध्यावर केवळ हिरवट-पांढरी खपली ठेवते. काँक्रीटमध्ये आवरणाविना गाडलेले तांब्याचे पाइप सर्वांत त्रासदायक. त्यांच्यासाठी थर्मल कॅमेरा वापरतात, किंवा पाच टक्के हायड्रोजन आणि बाकी नायट्रोजन असे मिश्रण पाइपात सोडून फरशीवर संवेदक फिरवतात.

क्वचित उलटे घडते : दाब आपोआप वाढत जातो. पाणी भरायची जोडणी नीट बंद न होणे हे नेहमीचे कारण. ती पूर्ण सोडवल्यावरही काटा चढत राहिला, तर कॉम्बी बॉयलरमधल्या (नळाचे पाणीही स्वतःच तापवणाऱ्या बॉयलरमधल्या) प्लेटच्या विनिमयकाला सूक्ष्म छिद्र पडून नळाचे जास्त दाबाचे पाणी तापन-मंडलात शिरत असते.

माळ्यावरची टाकी. जुन्या, उघड्या प्रकारच्या यंत्रणेला दाबाचा काटाच नसतो. माळ्यावरच्या छोट्या टाकीतला तरंगता गोळा घटलेले पाणी गुपचूप भरून काढतो, म्हणून गळती अनेक वर्षे उघडकीस येत नाही. ताज्या पाण्याबरोबर प्राणवायू येतो, पोलादी रेडिएटर आतून गंजतात आणि मॅग्नेटाइटचा काळा गाळ साठतो. रेडिएटर खाली थंड असेल तर गाळ आणि वर थंड असेल तर वायू, असा ठोकताळा आहे. दर आठवड्याला वायू काढावा लागत असेल तर ती बहुधा हवा नसून गंजण्यातून सुटलेला हायड्रोजन असतो. तो ज्वलनशील आहे. टाकीतून येणारा थंड पाण्याचा पाइप जिथे मंडलाला मिळतो तो सांधा गाळाने बुजतो. तपासणी सोपी आहे : तांब्याला लोहचुंबक चिकटत नाही, त्या सांध्याजवळ चिकटला तर आत मॅग्नेटाइट दाटलेला आहे.

विजेचे दोष. गरम पाण्याचे वेगळे सिलिंडर असलेल्या घरांत मोटारीवर चालणाऱ्या झडपा पाण्याची वाट ठरवतात. झडप पूर्ण उघडली की तिच्यातला छोटा स्विच नारिंगी वायरीतून २३० व्होल्ट बॉयलरकडे धाडतो. हा स्विच चिकटला तर थर्मोस्टॅट बंद असूनही बॉयलर धडधडत राहतो. जुळलाच नाही तर सगळे चालू असून बॉयलर गप्प. दोन्ही वेळा ठपका बॉयलरवर येतो. नारिंगी वायरीवर मीटर धरला की काही मिनिटांत प्रश्न सुटतो. ज्योत ओळखणाऱ्या इलेक्ट्रोडचे प्रकरण याहून नाजूक. त्याचा संकेत काही मायक्रोअँपियरचा असतो. इलेक्ट्रोडवर पुटे चढली किंवा अर्थिंग सैल झाले की पेटलेला बॉयलर स्वतःला विझवतो आणि रीसेटचे बटण दाबल्यावर पुन्हा चालतो.

गोठणे. इंग्लंड व वेल्समध्ये एप्रिल २००५ पासून नवे गॅस बॉयलर, मोजके अपवाद वगळता, कंडेन्सिंग प्रकारचे असावे लागतात. धुरातल्या वाफेचे पाणी ते प्लॅस्टिकच्या नळीने बाहेर टाकतात. ही नळी उघड्यावर असेल तर गोठते, पाणी मागे तुंबते आणि बॉयलर गुरगुरून बंद पडतो. डिसेंबर २०१० च्या कडाक्यात असे बॉयलर मोठ्या संख्येने बंद पडले. ऊन वर येताच बर्फ वितळतो आणि दोष नाहीसा होतो, त्यामुळे बंद पडल्याची वेळ आणि बाहेरचे तापमान लिहून ठेवणे येथे कोणत्याही उपकरणाहून उपयोगी. उपाय म्हणजे नळीवर गरम, पण उकळते नव्हे, असे पाणी ओतणे. कायमचा उपाय म्हणजे रुंद आणि आवरण घातलेली नळी.

मर्यादा. काटा पाहणे, रेडिएटरमधला वायू काढणे, पिशवी बांधणे इथवर घरमालकाचे काम. गॅसचे काम करणाऱ्याची नोंद ग्रेट ब्रिटनमध्ये १ एप्रिल २००९ पासून ‘गॅस सेफ’ नोंदवहीत असणे कायद्याने बंधनकारक आहे. त्याआधी ‘कॉर्गी’ची नोंदवही होती. भाड्याच्या घरातल्या गॅस उपकरणांची दर बारा महिन्यांनी तपासणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची असते. लंडन किंवा स्लाउमध्ये भाड्याने राहायला गेलेल्या मराठी कुटुंबाने त्या तपासणीची प्रत मागून घ्यावी. तो त्यांचा हक्क आहे. कार्बन मोनॉक्साइडचा गजर वाजला तर मात्र दोषशोध तिथेच थांबवायचा, दारे-खिडक्या उघडायच्या आणि घराबाहेर पडून गॅसच्या तातडीच्या सेवेला फोन करायचा.