तारिहाळचा वजनकाटा
तारिहाळच्या औद्योगिक वसाहतीत आमचं लेथचं वर्कशॉप. तिथल्या काट्यावर भाचीची फिलाडेल्फियाला न्यायची बॅग चढवली: २५ किलो, विमानाच्या मर्यादेपेक्षा जास्त.

"मामा, मेतकूट काढायचं नाही हं!"

मग पुस्तकं निघाली.

त्याच फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी १८८३ साली डॉक्टरकी शिकायला गेल्या, वय १८. नऊवारीत पोटऱ्या उघड्या पडून थंडी झोंबे, म्हणून त्या गुजराती पद्धतीनं साडी नेसू लागल्या. शाकाहारी स्वयंपाक स्वतःच रांधायच्या. तिकडे त्यांना आधार देणाऱ्या रोसेल गावच्या कार्पेंटरबाईंना त्या मावशी म्हणत. मला हे नातं पदवीइतकंच मोलाचं वाटतं. पदवी १८८६ मध्ये मिळाली आणि पुढच्याच फेब्रुवारीत, पुण्यात, क्षयानं त्या गेल्या.

काटा २३ वर आला. भाचीनं वरून आजीची शाल कोंबली.