भिंतीवरची तसबीर बोलू लागते तेव्हा

अद्भुत आणि विनोद ही सख्खी भावंडे आहेत, असे म्हटले तर पुष्कळांना ते पटणार नाही. अद्भुत म्हटले की भय किंवा भक्ती, आणि विनोद म्हटला की घरगुती थट्टामस्करी, अशी आपण त्यांची वाटणी करून ठेवलेली असते. आपल्या लोकपरंपरेने मात्र ही वाटणी कधीच मानली नाही. वेण्णाकाठच्या मेढ्यापासून कृष्णाकाठच्या सांगलीपर्यंत, गावोगावच्या यात्रांत तमाशाचा फड उभा राहतो तेव्हा गवळणीत एका बाजूस साक्षात श्रीकृष्ण असतो आणि दुसऱ्या बाजूस पुरुषाने वठवलेली मावशी. तो देव बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट अडवतो आणि मावशी त्याला घरच्या वांड पोरासारखी खडसावते. अलौकिकाला असे ओसरीवर आणून बसवायचे आणि त्याच्याशी रोजच्या बोलीत भांडायचे, ही युक्ती आपल्याकडे फार जुनी आहे. दूरचित्रवाणीवरील अद्भुत विनोदी मालिकांचा इतिहास पाहू लागलो की आम्हांस प्रथम ही मावशीच आठवते.

या मालिकांतील चमत्कारांचे तंत्रही आपल्याला नवे नव्हते. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१० च्या सुमारास मुंबईत प्रभू येशूच्या जीवनावरील मूकपट पाहिला आणि चित्रपट काढण्याचा ध्यास घेतला, ही हकीकत आमच्या वाचकांस विशेष जवळची वाटेल. फाळके स्वतः जादूचे प्रयोग करीत. आपले आडनाव उलटे वाचून त्यांनी ‘प्रोफेसर केळफा’ हे नाव धारण केले होते. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर आला, आणि १९१९ च्या ‘कालिया मर्दन’ मध्ये त्यांची कन्या मंदाकिनी हिने बाळकृष्णाची भूमिका केली. अदृश्य होण्याची किमया मुळात सोपी असते. कॅमेरा थांबवायचा, बाकीच्या नटांनी जागच्या जागी निश्चल उभे राहायचे, एकाने चौकटीबाहेर निघून जायचे आणि कॅमेरा पुन्हा सुरू करायचा. फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस यांनी रूढ केलेल्या या क्लृप्तीवर पुढे अर्धशतकानंतर अमेरिकेतील अद्भुत विनोदाचा डोलारा उभा राहिला.

तिकडे या प्रकाराला बहर आला तो १९६० च्या दशकात. एप्रिल १९६१ मध्ये युरी गागारिन अंतराळात जाऊन आला आणि चंद्रावर कोण आधी पाऊल ठेवणार याची चुरस लागली. घराघरांत आलेल्या दूरचित्रवाणीने हे कुतूहल नेमके ओळखले. १९६३ साली ‘माय फेव्हरिट मार्शन’ मध्ये मंगळावरचा एक पाहुणा ‘काका’ म्हणून एका पत्रकाराच्या घरी मुक्कामाला आला. १९६४ साली ‘बिविच्ड’ मध्ये नाकाचा शेंडा हलवून चमत्कार घडविणारी समंथा जाहिरात व्यवसायातील एका तरुणाची पत्नी झाली. ती मालिका १९७२ पर्यंत चालली. १९६५ साली सिडनी शेल्डन यांच्या ‘आय ड्रीम ऑफ जिनी’ मध्ये अंतराळवीराच्या हाती बाटली लागली आणि तिच्यातून जिनी बाहेर पडली. अरबी कथांतील जिन्न आणि अंतराळ मोहिमेतील वैमानिक एकाच बैठकीच्या खोलीत वावरू लागले.

यांतील शेवटच्या दोन मालिकांच्या पोटात एक समान गोष्ट दडलेली होती. घरातील सर्वांत सामर्थ्यवान व्यक्ती ही स्त्री असे, आणि तिने आपले सामर्थ्य लपवावे अशी घरातील पुरुषाची अपेक्षा असे. समंथाचा नवरा तिच्याकडून जादू सोडण्याचे वचन घेतो. जिनी तर अंतराळवीराला ‘मालक’ म्हणूनच हाक मारते. प्रत्येक भागात ते वचन मोडते, गोंधळ होतो आणि शेवटी स्त्रीच तो निस्तरते. प्रेक्षक हसत, परंतु ते हसू अगदी निर्मळ नव्हते. ज्या समाजात बाईची हुशारी ही नवऱ्याच्या अडचणीची बाब असते, त्या समाजाला तो विनोद नेमका बोचत होता.

आपल्याकडे मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. रामानंद सागर यांच्या ‘विक्रम और बेताल’ मधून १९८५ साली खांद्यावरचा वेताळ घरोघर पोहोचला; प्रश्न विचारून राजाला पेचात पाडणारा हा वेताळ थोडा मिस्कीलही होता. दशकाच्या अखेरीस प्रकाश झा दिग्दर्शित ‘मुंगेरीलाल के हसीन सपने’ आली. रघुवीर यादव यांनी रंगविलेला तो गरीब कारकून दिवास्वप्नांत पराक्रम गाजवी आणि शेवटी दणकन जमिनीवर येई. आजही मनोराज्य करणाऱ्याला आपण ‘मुंगेरीलाल’ म्हणतो. पुढे ऑक्टोबर १९९२ मध्ये झी वाहिनी आली, केबलच्या तारा गल्लीबोळांतून फिरल्या, आणि जिनी, समंथा, ‘स्मॉल वंडर’ मधील यंत्रकन्या विकी या साऱ्याजणी हिंदी बोलू लागल्या.

परंतु या प्रकाराला खरे आपले रूप मिळाले ते १९९५ साली झीवर सुरू झालेल्या ‘हम पांच’ मध्ये. निर्मिती एकता कपूर यांच्या बालाजी टेलिफिल्म्सची. आनंद माथुर या गांजलेल्या गृहस्थाच्या भूमिकेत आपले अशोक सराफ. घरात दुसरी पत्नी बीना, म्हणजे शोमा आनंद, आणि पाच मुली. मालिकेतील अद्भुत एवढेच की दिवंगत पहिली पत्नी भिंतीवरच्या तसबिरीतून बोलते. नवऱ्याला टोमणे मारते, सल्ला देते, घरातल्या घडामोडींवर शेरे मारते. ही भूमिका केली होती प्रिया तेंडुलकर यांनी. नाटककार विजय तेंडुलकर यांची ही कन्या १९८५ साली ‘रजनी’ म्हणून अन्यायाविरुद्ध जाब विचारीत घरोघर परिचित झाली होती.

तसबिरीची ही कल्पना कोठूनही उसनी आणावी लागली नाही. आपल्या घरांतून गेलेल्या माणसाची तसबीर भिंतीवर असतेच. कोणी तिला हार घालते, कोणी तिच्यापुढे मेणबत्ती लावते. नोव्हेंबर महिन्यात दफनभूमीत आप्तांच्या कबरीपाशी उभे राहून मनातल्या मनात चार शब्द बोलणाऱ्या आमच्या कुटुंबांना मृतांशी संवाद ही कल्पना परकी नाही. जिनी बाटलीतून आली, विकी प्रयोगशाळेतून आली. ही बाई मात्र आपल्याच भिंतीवरून उतरली. त्याचबरोबर एक कडू प्रश्नही उरतो: आमच्या घरातील बाईला मोकळेपणाने बोलण्यासाठी आधी तसबीर व्हावे लागते काय?

त्या तसबिरीखाली वावरणाऱ्या पाच मुलींकडेही इतिहासाच्या नजरेने पाहावयास हवे. मीनाक्षी स्त्रीमुक्तीवादी, राधिका अभ्यासू आणि कमी ऐकू येणारी, स्वीटी नटवी, काजल दांडगट, आणि धाकटी चुरचुरीत. पाच मुलींचा बाप ही आपल्याकडे कीव करण्याची गोष्ट. या मालिकेत बाप वैतागतो, पण एकही मुलगी नकोशी नसते. मेढा हे जावळी तालुक्याचे मुख्य ठिकाण. या डोंगराळ मुलखातील असंख्य कर्ते पुरुष मुंबईच्या बाजारपेठांत माथाडी म्हणून ओझी वाहत आले, आणि घरी शेती, म्हातारी माणसे व मुले सांभाळली ती बायकांनी. तरीही याच सातारा जिल्ह्यात, मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून तिचे नाव ‘नकुशा’ ठेवण्याची रीत होती. ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात प्रशासनाने समारंभ करून अशा २८५ मुलींना नवी नावे दिली. ‘हम पांच’ चे पहिले पर्व १९९९ साली संपून तेव्हा बारा वर्षे झाली होती. एका विनोदी मालिकेने ही रीत मोडली असा दावा आम्ही करणार नाही. परंतु जे घर पाच मुलींच्या दंग्याला दर आठवड्यास हसत होते, त्या घरात मुलगी नकोशी ठरविणे निदान थोडे तरी अवघड झाले असावे, असे मानावयास जागा आहे.

प्रिया तेंडुलकर यांचे २००२ साली अकाली निधन झाले. पडद्यावर तसबिरीतून बोलणारी ही अभिनेत्री वयाच्या पन्नाशीपूर्वीच तिच्या माणसांसाठी खरोखरची तसबीर झाली. मालिका १९९९ नंतरही पुन्हा आली, पण तो आवाज नव्हता.

आज प्रत्येकाच्या हातात स्वतंत्र पडदा आहे आणि चमत्कार संगणकावर हवे तितके घडविता येतात. त्याबद्दल कुरकुर करण्यात अर्थ नाही. मात्र या जुन्या मालिकांचे चमत्कार साधे असत आणि ते एकत्र बसून पाहिले जात. आजी, सून आणि नात एकाच विनोदाला तीन वेगळ्या कारणांनी हसत असत, आणि त्या तीन कारणांमध्येच एका घराचा इतिहास दडलेला असे. तो लिहून ठेवण्यासाठी थोर पंडित लागत नाहीत. भिंतीवरच्या तसबिरीतील आजी कशाला हसत असे, हे घरातील थोरांना आज विचारून घ्यावे. मालिकेतल्याप्रमाणे तसबीर पुढे आपणहून सांगेल, या भरवशावर मात्र राहू नये.