कार्पेट ग्रास

कार्पेट ग्रास : ओल्या, आम्लधर्मी व निकस जमिनीवर फारशी देखभाल न करता हिरवळ राखता यावी म्हणून लावले जाणारे तृणकुलातील बहुवर्षायू गवत. शास्त्रीय नाव ॲक्सोनोपस कॉम्प्रेसस. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ उलोफ स्वार्ट्‌झ यांनी १७८८ मध्ये त्याचे वर्णन मिलियम कॉम्प्रेसम या नावाने केले. १८१२ मध्ये पालिसो द बोव्हवा यांनी ते ॲक्सोनोपस प्रजातीत घातले. मूलस्थान उष्णकटिबंधीय अमेरिका. सिंगापूर व मलेशियात ते ‘काउ ग्रास’ म्हणून रस्त्याकडेला व उद्यानांत सर्रास आढळते. केरळात त्याला ‘बफेलो ग्रास’ म्हणतात. अमेरिकेतील कोरड्या माळरानांवरचे बफेलो ग्रास मात्र वेगळे.

वर्णन : खोड चपटे, जमिनीलगत धावणारे व पेरापेराला मुळे फुटणारे. पाती रुंद, बोथट टोकाची. फुलोऱ्यात दोन-तीन बारीक कणिशे असून वरची दोन जोडीने फुटतात. अमेरिकेच्या आग्नेय भागात लावली जाणारी ॲ. फिसिफोलियस ही जवळची जाती अरुंद पानांची आहे.

जमीन : भरपूर पावसाने मातीतील कॅल्शियम व मॅग्नेशियम धुपून जातात आणि ती आम्ल होते. सामू ५.५ च्या खाली गेला की ॲल्युमिनियम विरघळून मुळांची वाढ खुंटवते, तर फॉस्फरस लोह व ॲल्युमिनियमशी बांधला जातो. अशा जागी बहुतेक गवतांसाठी आधी चुना घालावा लागतो. कार्पेट ग्रास मात्र ४.५ ते ५.५ सामूतही तग धरते; उलट चुना जास्त झाल्यास लोह मिळेनासे होऊन पाने पिवळी पडतात. म्हणून जमीन गवताजोगी करण्यापेक्षा जमिनीजोगे गवत निवडणे येथे सोयीचे ठरते. ओल सोसत असले, तरी कायम तुंबलेले पाणी त्याला मानवत नाही. खोलगट जागी चर काढावा.

लागवड व निगा : मुळे असलेले खोडाचे तुकडे पावसाळ्याच्या तोंडाशी १५–२० सेंमी. अंतरावर लावतात, लवकर हिरवळ हवी असल्यास मातीसह उचललेले गवताचे तुकडे अंथरतात. कापणी २.५–५ सेंमी. उंचीवर करतात. दर १०० चौ. मी.ला वर्षाकाठी ०.५ ते १ किग्रॅ. नत्र पुरते. वाढ संथ असली, तरी फुलोऱ्याचे दांडे पात्यांच्या बरेच वर येतात. त्यांच्यासाठी फुलोऱ्याच्या हंगामात कापणी चुकवता येत नाही. हरळीला भरपूर ऊन लागते; कार्पेट ग्रास मात्र माडाच्या किंवा आंब्याच्या विरळ सावलीतही दाट राहते.

मर्यादा : मुळे उथळ असल्याने कोरड्या हंगामात ते लवकर सुकते. जांभ्या मातीच्या कोकण-गोव्यात पावसाळ्यात त्याला वरचे पाणी द्यावे लागत नाही, पण पुढे उन्हाळा संपेपर्यंत द्यावे लागते. खारी जमीन, कडाक्याची थंडी व सततची वर्दळ त्याला सोसत नाही, त्यामुळे वर्दळीच्या खेळाच्या मैदानासाठी ते फारसे योग्य नाही. पॅसिफिक बेटांवर ते तण म्हणून पसरले आहे. बागेतही ते वाफ्यांत शिरू नये यासाठी हिरवळीची कड वेळोवेळी छाटावी लागते.