मधुमेहावरील वनौषधी (सातारा-सांगली)

मधुमेहावरील वनौषधी : रक्तातील साखर आटोक्यात राहण्यास साहाय्य व्हावे म्हणून आयुर्वेदात हळद, आवळा, बिबला, जांभूळ, बेडकी (गुडमार) इ. वनस्पती फार पूर्वीपासून योजिल्या जातात. त्यांपैकी बऱ्याच सह्याद्रीच्या उतारांवर व कृष्णा खोऱ्यात आढळतात. जुन्या सातारा जिल्ह्यातून १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे या औषधींच्या वापराचा इतिहास दोन्ही जिल्ह्यांस समाईक आहे.

प्राचीन वर्णन : चरक व सुश्रुत यांनी प्रमेहाचे वीस प्रकार मानले आहेत : कफज दहा, पित्तज सहा व वातज चार. मधुमेह हा वातज प्रकारांपैकी एक होय. कफज प्रमेह साध्य, पित्तज याप्य (केवळ आटोक्यात ठेवता येणारा) व वातज असाध्य, असा निर्णय त्यांनी दिला आहे. उपचार न केल्यास सर्व प्रमेह अखेरीस मधुमेहाचे रूप घेतात, असेही सुश्रुताने म्हटले आहे. त्याने रोगाचे सहज (जन्मजात) व अपथ्यनिमित्तज असे दोन भेद केले. पहिल्यातील रोगी कृश, अल्पाहारी व तहानेने व्याकुळ, तर दुसऱ्यातील स्थूल, बहुभोजी व निद्राळू असतो. आजच्या पहिल्या व दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाशी या वर्णनाचे साम्य आहे; तथापि दोन्ही विभागण्या एकच मानणे योग्य नाही.

उपचारात पहिले स्थान आहार व श्रम यांना होते. जव, श्यामाक, नीवार यांसारखी धान्ये आणि व्यायाम हे मुख्य पथ्य होय. निर्धन रोग्याने अनवाणी व छत्रीविना, भिक्षेवर निर्वाह करीत शंभर योजने चालावे, असे सुश्रुताने सांगितले आहे. औषधी त्यानंतर येतात. वाग्भटाने प्रमेहावरील श्रेष्ठ द्रव्ये म्हणून आवळा व हळद यांचा निर्देश केला असून ‘निशामलकी’ हा योग त्यावरूनच रूढ झाला.

परिसरातील द्रव्ये : हळद हे या प्रदेशाचे प्रमुख पीक असून वाई तालुक्यात व सांगलीच्या आसपास तिची लागवड होते. सांगली ही देशातील हळदीची प्रमुख पेठ आहे. तेथून जवळच असलेल्या हरिपूर येथे हळद साठविण्यासाठी जमिनीखाली पेवे खणण्यात आली होती. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीस भौगोलिक निर्देशांक मिळाला. बिबल्याच्या (विजयसार, असन) लाकडाच्या पेल्यात रात्रभर ठेवलेले पाणी सकाळी पिण्याची रीत प्रचलित आहे. बेडकीची पाने चघळल्यास गोड चव काही काळ कळेनाशी होते. तथापि केवळ तेवढ्यावरून तिने रक्तशर्करा कमी होते, असे सिद्ध होत नाही.

वैद्यकीय शिक्षण : सातारा येथे १९१६ मध्ये आर्यांग्ल वैद्यक महाविद्यालयाची स्थापना झाली. आर्य व आंग्ल या दोन्ही वैद्यकांची सांगड घालण्याचा तत्कालीन विचार संस्थेच्या नावातच दिसतो. मधुमेहाच्या बाबतीत ही सांगड पुढे फार महत्त्वाची ठरली. टोराँटो येथे १९२१ मध्ये इन्शुलिनाचा शोध लागला व ११ जानेवारी १९२२ रोजी ते प्रथमच एका रोग्यास टोचण्यात आले. त्यामुळे पूर्वी अटळ मानलेला मृत्यू टाळता येऊ लागला. जी अवस्था प्राचीनांनी असाध्य म्हटली, तिच्यावर प्रभावी उपाय याच औषधाने मिळाला.

आधुनिक परीक्षण : बेडकीचा अभ्यास चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२८ मध्ये आणि मुंबईत म्हसकर व काइउस यांनी १९३० मध्ये प्रसिद्ध केला, मात्र त्यांचे निष्कर्ष एकसारखे नव्हते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने नव्याने निदान झालेल्या दुसऱ्या प्रकारच्या रोग्यांवर विजयसाराचे परीक्षण केले. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालानुसार १२ आठवड्यांत ९७ पैकी ६७ रोग्यांची रक्तशर्करा आटोक्यात आली. तुलनेसाठी दुसरा गट नसल्याने या फलिताचा अर्थ जपूनच लावावा लागतो. वनस्पतीतून शुद्ध औषध मिळू शकते, याचे उदाहरण म्हणजे मेटफॉर्मिन. गॅलेगा या यूरोपीय वनस्पतीतील द्रव्याच्या अभ्यासातून ते पुढे आले आणि १९५७ मध्ये फ्रान्समध्ये झां स्टर्न यांनी मधुमेहावरील त्याचा उपयोग प्रसिद्ध केला.

सुरक्षितता : वनौषधी निरुपद्रवीच असतात, हा समज चुकीचा आहे. इन्शुलिन वा साखर कमी करणाऱ्या गोळ्यांबरोबर त्या घेतल्यास रक्तशर्करा धोकादायक प्रमाणात उतरू शकते. घाम, कंप व ग्लानी ही तिची लक्षणे होत. म्हणून दोन्ही उपचार चिकित्सकांना कळविणे व रक्ताची तपासणी करीत राहणे आवश्यक असते. पहिल्या प्रकारच्या रोग्याने इन्शुलिन बंद केल्यास रक्तात कीटोन द्रव्ये साचून अल्पकाळात मृत्यू ओढवतो. गर्भवती व मूत्रपिंडाचे रोगी यांनी विशेष दक्षता घ्यावी लागते. तयार औषधांत जड धातूंचाही धोका असतो. अमेरिकेत बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय औषधांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले.

औषधिविषयक १९४० च्या केंद्रीय अधिनियमात आयुर्वेदीय औषधांसाठी १९६४ मध्ये स्वतंत्र तरतुदी करण्यात आल्या आणि २००० मध्ये उत्पादनाच्या चांगल्या पद्धतींचे नियम जारी झाले. मधुमेह बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातीस १९५४ च्या अधिनियमाने मनाई केली आहे. प्राचीन ग्रंथांचा निर्णयही या बंधनाशी सुसंगत आहे. वातज प्रमेह त्यांनी असाध्य मानला आहे, आणि आहार व श्रम यांची जागा कोणत्याही औषधीला दिलेली नाही.